मोळी टाकली की हिरवा

आमच्या तालुक्याच्या चौकात, सरकारी कचेरीच्या अगदी तोंडासमोर, पुण्याच्या एका साहेबांनी शहाणा सिग्नल बसवला. आधीचा सिग्नल अडाणी होता. म्हणजे कायम बंद असायचा, त्यामुळे वाहतूक सुरळीत चालायची. नव्याला चार कॅमेरे. कुठल्या बाजूला किती गाड्या, पांढऱ्या पट्ट्यांवर किती माणसं, हे तो क्षणाक्षणाला मोजणार, त्यावरून लाल-हिरवा ठरवणार आणि चुकलं तर आपलं आपण सुधारणार. साहेबांच्या बिनड्रायव्हरच्या गाडीशी तर तो बोलायचासुद्धा. उद्घाटनाला साहेब म्हणाले, "हा रोज शिकत जाईल." आम्ही टाळ्या पिटल्या. कुणाकडून शिकेल, हे कुणी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात माझ्या उसाला तोड आली. चारच्या आत कारखान्याच्या गेटवर नंबर लावायचा होता. चुकला तर वर्षभर पोटच्या पोरासारखा वाढवलेला ऊस दोन दिवस उन्हात वाळणार. दोन भरगच्च ट्रॉल्या जोडून मी साडेतीनला चौकात पोचलो. सिग्नल लाल.

आता, आमच्याकडे उसाचा ट्रॅक्टर चौकात थांबवत नाहीत. थांबला की पंचक्रोशीतले दात शिवशिवतात. मी थांबलो, तोही आमच्या रीतीप्रमाणे रेषा ओलांडून, ट्रॉली बरोबर पट्ट्यांवर. डोळ्याचं पातं लवायच्या आत चाळीस माणसं उसाला लोंबकळली. एका म्हाताऱ्यानं तर कवळी आणायला घरी माणूस धाडला.

कॅमेऱ्याला वाटलं, एवढ्या लोकांना रस्ता ओलांडायचाय! त्यानं माझा लाल वाढवला. लाल वाढला म्हणून माणसं वाढली, माणसं वाढली म्हणून लाल वाढला. अर्धा तालुका चिपाडं थुंकत उभा. त्यात शाळेचे गुरुजीही दिसले.

"गुरुजी, तुमी बी?"

"मुलांना दाखवायला नेतोय," म्हणत गुरुजींनी सातवं कांडं ओढलं.

आडव्या रस्त्याला मात्र हिरवाच हिरवा. साहेबांची बिनड्रायव्हरची गाडी तिथून चौथी फेरी मारत होती. मागच्या सीटवरून, मांडीवर लॅपटॉप घेऊन साहेब ओरडले, "काका, बघा! सिस्टीम पादचाऱ्यांना कसं प्राधान्य देतेय!"

"साहेब, ते पादचारी न्हाईत वो, माझा ऊस खात्यात!"

"कॅमेऱ्याला तो फरक कळत नाही," साहेब कौतुकानं म्हणाले आणि पाचव्या फेरीला गेले.

पावणेचार झाले. माझी पहिली ट्रॉली आता नुसत्या पाचटाची वाटू लागली होती. मी वर चढलो, एक अख्खी मोळी खांद्यावर घेतली आणि आडव्या रस्त्याच्या पट्ट्यांवर भिरकावली. "ह्यातला लई गोड हाय! दोनशे पासष्ट जातीचा!" अशी हाळी दिली. अख्खा जमाव तिकडं उसळला. गुरुजी सगळ्यात पुढं.

तेवढ्यात साहेबांची गाडी पाचवी फेरी घेऊन आली आणि माणसं बघून अदबीनं थांबली. कॅमेऱ्यांनी पुन्हा मोजदाद केली. तिकडं लाल, इकडं हिरवा. मी ट्रॅक्टर असा हाणला, की चाकं म्हणे जमिनीला लागतच नव्हती. आरशात साहेबांची गाडी दिसली, बॉनेटवर बसून तिघं ऊस सोलत होते.

चारला दोन मिनिटं कमी असताना नंबर लागला. वजनकाट्यावरच्या माणसानं ट्रॉल्यांत डोकावून विचारलं, "पाव्हणं, ऊस मागनं येतोय का?"

"खाऊन उरला तेवढा आणलाय. नंबर लागला न्हवं? बास!"

तेव्हापासून उसाचा प्रत्येक ट्रॅक्टर आडव्या रस्त्यावर एक मोळी टाकतो आणि लगेच हिरवा मिळवतो. पुढं साहेब भेटले, तेव्हा दातांनी कांडं सोलत होते. म्हणाले, "काका, तुमच्याइथं सिस्टीम फार लवकर शिकली."

"शिकणारच की," मी म्हटलं. "दिवसभर कचेरीकडं तोंड करून उभी असती."