जो सुचवेल, त्यानेच करायचं

किल्लीवाल्या ताई म्हणजे निवृत्त नर्स. आजाऱ्यांना खाटा, वॉकर, चाकांच्या खुर्च्या फुकट वापरायला देणाऱ्या एका छोट्या संस्थेच्या सचिव. गुडघ्याचं ऑपरेशन त्यांनी दोनदा पुढे ढकललं होतं, कारण केंद्र उघडायला दुसरं कुणीच नव्हतं. "आई, या खेपेला तारीख चुकवलीत तर मी बोलणारच नाही तुमच्याशी," सुनेने बजावलं होतं.

तशी कार्यकारिणी चांगली भरलेली होती. पण बैठकीत सगळे तोंडाला कुलूप लावून बसत. संस्थेत पहिल्यापासून एक रीत होती: जो सुचवेल, त्यानेच ते काम करायचं. ऐकायला झकास! हळूहळू शहाणी माणसं सुचवायचीच बंद झाली. खुद्द ताईंनी पहिल्या बैठकीत "किल्ली कुणाकडे तरी हवी ना?" एवढंच विचारलं होतं. तो प्रश्न त्यांना जन्माचा पुरला.

त्या दिवशी चहा झाला, बिस्किटं संपली, आणि ताई म्हणाल्या, "मला आता होत नाही. केंद्र बंद करू या."

"अहो, बंद कशाला?" कार्यकारिणीतल्या मास्तरांच्या तोंडून निघून गेलं आणि त्यांनी जीभ चावली. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. आपण वाचलो, हा आनंद कुणाला लपवताही येईना.

किल्ली पुढे सरकवली की ताई मोकळ्या. पण मास्तरांचा पडलेला चेहरा पाहून त्यांना त्या पहिल्या बैठकीची आठवण झाली, आणि या साऱ्याचाच वीट आला.

"राहू द्या. ती रीत आजपासून बंद," त्या म्हणाल्या. "नुसतं बोला. कुणी करायचं ते नंतर बघू."

मग काय विचारता! वॉकरची रबरं झिजलीत, खाटा गंजल्यात, संध्याकाळी उघडलं तर नोकरदारांची सोय होईल... इतक्या वर्षांचं साठलेलं बाहेर पडलं. पोटभर बोलून मंडळी घरी गेली. किल्ली टेबलावरच. ताईंना रडायचीसुद्धा ताकद उरली नव्हती.

मास्तर तेवढे चपला घालून दारात घुटमळले. "ताई, मंगळवारी मी उघडीन. फक्त मंगळवारी हं."

टेबलावरची किल्ली घेऊन दाराचं कुलूप लावताना मास्तरांची झटापट चालली. दार जरा उचलून धरायला लागतं, हे ताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी सुनेला फोन लावला.

"तारीख पक्की कर."

"आणि केंद्राचं काय?"

"मंगळवारी उघडं राहील."

"बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस बंद," ताई म्हणाल्या.