दिनकरची ओली कॉलर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला तर उलटंच सांगितलंय. तुम्हाला सांगतो, कारण तुमच्याशी मला कसला सौदा करायचा नाही.

मी बैलांचा व्यापारी. राळेगावजवळच्या तांड्यावर जन्मलो, स्वतःच्या जिवावर उभा राहिलो. बैल घेताना आधी त्याचं तोंड उघडून दात पाहतो. मालकाच्या शब्दावर जात नाही. एवढा संशयी का, असं कुणी विचारलं की मी एक गोष्ट सांगतो — शाळेत मास्तरांनी मला चूळ भरायला लावली, ती.

साठ-एकसष्टचं साल असेल. शाळेत सूक्ष्मदर्शक नवाच आला होता. मास्तरांनी आधी कांद्याचा पापुद्रा दाखवला. विटा रचाव्यात तशा पेशी! मला खरं वाटेना — काचेला चित्र तर चिकटवलं नाही? मी काच काढून उलटीपालटी केली. वकिलाचा दिनकर ओरडला, "अबे, बैल आहे का तो? दात काय पाहून राह्यला!" वर्ग हसला. माझं डोकं तापलं.

मग माणसाच्या पेशी. दोघांच्याच गालांतून काडीनं खरवडून घ्यायचं होतं — दिनकरच्या आणि माझ्या. मास्तर मला म्हणाले, "आधी चूळ भरून ये. स्वच्छ भर." दिनकरला काही म्हणाले नाहीत. मलाच का? तांड्यावरचं तोंड म्हणून?

घरी याडीला, म्हणजे आईला, सांगितलं. तिनं तांड्याच्या नाईकांना. दुसऱ्या दिवशी नाईक दहा माणसं घेऊन शाळेत आले.

"दिनकरलाही भरायला लावली होती, तास सुरू होण्याआधी," मास्तर म्हणाले. "तोंडात अन्नाचे कण राहतात, म्हणून."

"मीबी भरली ना, काका," दिनकर म्हणाला. पण तांड्याच्या माणसांत वकिलाच्या पोराचं कोण ऐकतं?

मास्तर माझ्याकडे वळले. "तू तेव्हा व्हरांड्यातच होतास ना रे? सांग."

"मले नाई मालूम."

महिन्याभरात त्यांची बदली झाली, झरीकडच्या जंगलातल्या शाळेत.

गावात माझे अपमान झाले नाहीत असं नाही — झाले, खरेखुरे झाले. पण ते करणाऱ्यांपुढे मी कधी तोंड उघडलं का? नाही. त्यांची भीती वाटायची. मास्तरांची वाटत नव्हती.

आणि ती गोष्ट — ती मी आयुष्यभर वापरली. सौदा अडला की सांगायची. समोरचा वरमतो, मऊ पडतो. मागच्याच बाजारात सांगितली. जोडी माझ्या भावात सुटली.

त्या दिवशी मी व्हरांड्यातच होतो. दिनकर रांजणापाशी वाकला होता. हनुवटीवरून पाणी गळत होतं, सदऱ्याची कॉलर भिजली होती. मास्तर दारातून त्याला म्हणत होते —

"स्वच्छ भर."

हाच शब्द. मी ऐकला होता.