टिंबानंतरची तीन अक्षरं

आकाराम चौगले कोल्हापुरातल्या एका रक्तपेढीत टायपिस्ट होते. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पण टायपिंगचा हात इतका साफ की डॉक्टर त्यांचा कागद न वाचताच सही करत. १९८७ साली पेढीला कुणीतरी कॉम्प्युटर देणगी म्हणून दिला, तेव्हा त्याच्यापुढं बसायला कुणी धजेना. शेवटी बसले ते आकाराम, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी.

प्रोग्राम लिहीत होती पद्मजा हुपरीकर. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची आणि दर शनिवारी पेढीचं काम करायला आपणहून यायची. रक्तदाते शोधून देणारा RAKTA नावाचा मुख्य प्रोग्राम तिनं पास्कल भाषेत लिहिला होता. रक्तगट जुळवणं, तारखा तपासणं ही नेहमीची कामं तिनं वेगळ्या छोट्या पॅकेजांत बांधली होती. मुख्य प्रोग्राम त्यांना लागेल तसं आत ओढून घ्यायचा. एकटं पॅकेज काही चालायचं नाही. पण फ्लॉपीवर सगळ्यांच्याच नावापुढं टिंब आणि PAS हीच तीन अक्षरं.

एका सोमवारी दुपारी गडहिंग्लजहून आणलेल्या बाळंतिणीला बी निगेटिव्ह रक्त हवं होतं. तिचा भाऊ टेबलाला धरून उभा. आकारामांनी घाईत RAKTA ऐवजी RAKTAGAT हे पॅकेज उघडलं आणि चालवलं. पडद्यावर चूक आली. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. मशीनच बिघडलं असं समजून त्यांनी जुन्या कार्डांचे खोके काढले. चाळीस मिनिटांनी कागलच्या सयाजी नावाच्या दात्याचं कार्ड हाती लागलं. त्याला फोन गेला, तो स्कूटरवरून आला आणि बाई वाचली. भावानं जाताना आकारामांचे हात हातात घेतले. आकारामांना मात्र मान वर करवेना.

शनिवारी त्यांनी पद्मजेला सगळं सांगितलं आणि हे मशीन आपल्याला झेपायचं नाही, दुसरं कुणी बघा, असंही म्हणाले. त्यांनी त्या दिवशी काय टाइप केलं होतं ते तिनं लिहून घेतलं. मग फ्लॉपीवरच्या नावांची यादी पडद्यावर काढून त्या कागदाशी ताडून बघितली.

"मामा, चूक तुमची नाही," ती म्हणाली. "नावं मी ठेवलीत."

मग पॅकेजांची अक्षरं बदलावीत की नाही, याच्या दोन्ही बाजू तिनं त्यांना समजावल्या. PAS ठेवलं तर सोय होती. टिंबानंतर काही लिहिलं नाही तरी पास्कल तीच अक्षरं धरून चालायचं. पॅकेजांना INC, म्हणजे 'आत घ्यायचं', अशी वेगळी अक्षरं दिली तर दर ठिकाणी पूर्ण नाव लिहावं लागणार, शिवाय आधीचं लिखाण बदलावं लागणार. कॉलेजातले तिचे सहकारी PAS च्याच बाजूचे होते.

"पण इथं रोज बसता तुम्ही. काय ठेवू, सांगा."

वीस वर्षांच्या नोकरीत आकारामांना काय टाइप करायचं ते सांगितलं गेलं होतं. काय वाटतं, हे कुणी विचारलं नव्हतं.

"ताई, माणूस म्होरं हुबा असतोय. तवा मला इचार करत बसाय वेळ न्हाय. जे आपलं आपण चालतंय आनि जे नुसतं मदतीला हाय, ते बघितल्याबरोबर येगळं कळाय पायजे की."

पद्मजेनं संध्याकाळपर्यंत बसून अकराही पॅकेजांना INC केलं. मुख्य प्रोग्रामच्या माथ्यावर तिनं हा नियम इंग्रजीत लिहिला आणि खाली एक ओळ घातली: नियम ठरवणारे, आकाराम चौगले. आकारामांनी ती ओळ वाचली आणि चहा सांगायला म्हणून बाहेर गेले. बऱ्याच वेळानं परतले, तेही चहा न सांगताच.

त्यानंतर मशीन सोडायची भाषा त्यांनी कधी केली नाही. उलट दर शनिवारी पद्मजेशेजारी खुर्ची ओढून ते पास्कल शिकू लागले. वर्षभरानं ती नोकरीसाठी बंगळूरला गेली, तेव्हा लहानसहान दुरुस्त्या ते स्वतः करत होते. पुढच्या दिवाळीत त्यांनी एक पॅकेज लिहिलं: दाता कुठल्या गावचा, आणि पेढीत पोचायला त्याला किती वेळ लागेल. नाव ठेवलं GAON.INC. त्याची छापील प्रत त्यांनी बंगळूरला पाठवली, सोबत हातानं लिहिलेली चिठ्ठी.

"ताई, चुकलं असल्यास दुरुस्त करावे. आपण त्या दिवशी मला विचारले, म्हणून हे लिहिण्याचे धाडस झाले. आपले उपकार आहेत."

प्रत परत आली. एका ओळीत राहिलेला अर्धविराम पद्मजेनं तांबड्या शाईनं घातला होता. बाकी कुठं काही बदललं नव्हतं.