सरोजबालेचं प्रकरण

मितूचा सनीव्हेलहून फोन आला तेव्हा मी लाँड्रीतून कपडे घेऊन वर येत होते. "मावशी, बाबा गेले," एवढंच म्हणाली. तिचे बाबा, निर्मलदा, जर्सी सिटीतल्या आमच्याच इमारतीत राहायचे, माझ्याहून चार मजले वर. हॉस्पिटलनं तिला कॅलिफोर्नियात कळवलं आणि तिच्याकडून ते मला कळलं...

निर्मलदा वकील. इमिग्रेशनच्या केसेस लढण्यात त्यांचं आयुष्य गेलं, त्यातल्या कितीतरी फुकट. निवृत्त झाल्यावर त्यांनी पणजोबांचं चरित्र लिहायला घेतलं. टायपिंग येत नव्हतं, म्हणून ते इंग्रजीत बोलून सांगायचे आणि मी टाइप करायचे. ते कोलकात्याचे, मी नागपूरची, माझा मुलगा लांब अ‍ॅशबर्नला. दोघांनाही वेळच वेळ होता.

पणजोबा हरनाथबाबू इंग्रजी अमदानीत बंगालमधल्या एका लहान गावी वकिली करायचे. एका तरुण विधवेला दिरांनी घराबाहेर काढलं, तेव्हा तिचा खटला त्यांनी चालवला आणि जिंकला. गावानं त्यांना वाळीत टाकलं. त्यावर त्यांनी स्वतःचं राहतं घर विधवांच्या शाळेसाठी देऊन टाकलं आणि कोर्टामागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड हलवलं. हे सांगताना निर्मलदा खुर्चीतून उठून उभे राहायचे.

मग एका दुपारी मी त्यांच्याकडे टाइप करायला गेले, तर ते काही सांगेचनात. आतेबहिणीनं घरातली जुनी पत्रं पाठवली होती. त्यांत हरनाथबाबूंच्या पत्नीनं, सरोजबालेनं, भावाला लिहिलेलं एक पत्र होतं. घर दिल्याचं तिला कळलं ते सामान न्यायला बैलगाडी दारात आली तेव्हा. शाळा होतेय हे चांगलंच, तिनं लिहिलं होतं, मला विचारलं असतं तर मीही हो म्हटलं असतं.

हे पुस्तकात घ्यावं की नाही, यावर काम कितीतरी दिवस अडलं. मी म्हटलं, घ्या.

"वासंती, मितूची आई घर सोडून गेली तेव्हा मी टेक्सासला कुणाची तरी केस लढत होतो," ते म्हणाले. "ती गेल्याचं मला परत आल्यावर कळलं."

पुस्तकातलं सरोजबालेचं प्रकरण त्यांनी मला टाइप करायला सांगितलं नाही, स्वतः हातानं लिहिलं आणि मितूला पोस्टानं पाठवलं. तिचं उत्तर आलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. फक्त टपालपेटी दिवसातून दोनदा उघडायचे.

अंत्यसंस्कारानंतर निर्मलदांच्या घरी मितूनं ते कागद पर्समधून काढले. टपालानं हाती आले त्याच दिवशी वाचले होते, म्हणाली. उत्तर लिहायला घेतलं की दुसरं वाक्य सुचायचं नाही. निर्मलदांचं अक्षर इतकं गिचमिड, की मला त्यातला एक शब्द लागेना. तिनं मात्र कुठेही न अडता सगळं मोठ्यानं वाचलं, मी टाइप करत गेले.

"तुला कसं गं वाचता येतं?" मी विचारलं.

"शाळेतून आले की फ्रिजवर चिठ्ठी असायची," ती स्वयंपाकघराकडे बघत म्हणाली. "बाबाला उशीर होईल, जेवून घे... रोज."