दीर्घिकेसाठी घातलेलं गाऱ्हाणं

विक्रोळीच्या आमच्या चाळीत एका संध्याकाळी चक्क एका दीर्घिकेसाठी गाऱ्हाणं घातलं गेलं... हसू नका, खरंच!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. संपानंतर बाबांची गिरणी सुटली ती सुटलीच. आणि मी, घरातली थोरली, खगोलशास्त्रात पीएचडी करत होते... लोकांना सांगताना आईला घाम फुटायचा.

माझी दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा पुंजका, फार दूरची. तिच्या पोटात अजस्र कृष्णविवर, त्याच्याभोवतीच्या तापलेल्या वायूतून क्ष-किरण निघायचे. ते आपल्या हवेतून खाली येत नाहीत, म्हणून युरोपच्या एका उपग्रहावरची दुर्बीण काही तास तिच्याकडे वळणार होती. पण ही बाई लहरी! कधी झगझगीत, कधी अगदी मंद. त्या दिवशी मंद निघाली तर माझा विषयच बारगळणार होता. मग मी मुकाट बँकेत चिकटायचं, असं घरी ठरलेलं.

आदल्या संध्याकाळी घरी येते तर काय, गॅलरीत शेजारीपाजारी जमलेले आणि बाबा नारळ-विडा मांडून उभे. आम्हा मालवणी लोकांचं हे देवाकडे मोठ्याने मागणं... एकाने सांगायचं, बाकीच्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणायचं. मी जाम वैतागले. सगळ्यांसमोर म्हटलं, "बाबा, काय हे! तो उजेड काही कोटी वर्षांपूर्वीच निघालाय. आता देव तरी काय करणार?"

बाबांनी नारळ नीट सरळ केला. मग म्हणाले, "निघालो मां? मगे पोचाक नको?"

आणि खणखणीत आवाजात सुरू झाले... "बा देवा महाराजा! माझ्या चेडवाच्या दीर्घिकेचो उजेड वाटेर आसा. वाटेत काय आडमेळा इलो तर तो दूर कर, आणि तेका सुखरूप पोचव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" अख्खी गॅलरी दणाणली. मी, त्यांचं चेडू म्हणजे लेक, तोंड फुगवून बसले होते, पण ओठ हलले हो माझेसुद्धा.

पुढचे दिवस जेवण गोड लागेना. मग एकदाचा आमच्या संस्थेच्या ऑफिसात टेलेक्स आला... दीर्घिका झकास तळपत होती! वर काही तासांतच तिचे क्ष-किरण कमीजास्त झालेले दिसले, म्हणजे माझ्या प्रबंधाला भरपूर खाद्य. घरी धावत जाऊन मी बाबांना एका दमात सगळं सांगितलं. कृष्णविवर, वायू, टेलेक्स, सगळं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पोचलो मां गो, सुखरूप?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरात बसलेल्या त्या माणसाला स्वतःसाठी मागण्यासारखं केवढं होतं... गिरणीचं नावसुद्धा त्याने काढलं नव्हतं. मी तिथेच रडायला लागले.

परवा निवृत्तीच्या कार्यक्रमात कुणीतरी विचारलं, इतकी वर्षं या विषयात कशी टिकलात? तिथे काहीतरी गुळमुळीत बोलले. खरं उत्तर इथे लिहिते...

उजेड पोचलो हो बाबा. सुखरूप पोचलो.