सहावा भाग हूकर व्हॅलीत

न्यूझीलंडच्या माउंट कुकला जायचं ठरवलं माझ्या बाबांनी, तेही आमच्या फ्रिजवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवून. "हा डोंगर खरा आहे का गं?" साताऱ्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून उभी हयात गेलेला माणूस, छापील गोष्टीवर त्यांचा विश्वास नाही. त्यांच्या परतीच्या विमानाला बारा दिवस उरले होते आणि एप्रिलची शाळेची सुट्टी लागली होती. ऑकलंडमधल्या फ्लॅट बुशचं घर बंद करून आम्ही चौघं निघालो: मी, नवरा मंदार, बाबा आणि नऊ वर्षांची इरा.

माझ्या मनातलं कारण वेगळं होतं. अडीच महिने एका छपराखाली राहून बाबा आणि इरा एकमेकांशी धड बोललेच नव्हते. इराला मराठी सगळं कळतं. पण गेल्या खेपेला साताऱ्यात मामेभावंडं तिच्या बोलण्यावर हसली, आणि तेव्हापासून तिने मराठीला जे कुलूप लावलं ते लावलंच. बाबांना इंग्रजी येत नाही. हे दोघं 'गुड मॉर्निंग'वरच एकमेकांचा निरोप घेणार, असं मला वाटू लागलं होतं.

एकत्र म्हणाल तर ते एकच गोष्ट करायचे. इराने लायब्ररीतून एका ब्रिटिश कौटुंबिक विनोदी मालिकेचा एक सीझन आणला होता, दोन डीव्हीडी. सीझन म्हणजे अवघे सहा भाग. आपल्या मालिकांत सहा भागांत चहासुद्धा उकळत नाही. आई, बाप, दोन आगाऊ पोरं आणि मागच्या दाराने सतत घुसणारी एक बाई, एवढाच संसार. इरा हसली की बाबा हसायचे. "काय म्हणाला गं तो?" असं त्यांनी विचारलं की ती म्हणायची, "नथिंग, आजोबा." मग बाबा पुन्हा टीव्हीकडे बघायचे. तीन भाग घरी झाले होते, उरलेले प्रवासात बघायचे होते.

ऑकलंडहून विमानाने क्राइस्टचर्च आणि तिथून भाड्याची गाडी. ट्वायझलपर्यंत साडेतीन-चार तास लागतात, पण तुम्ही सहा धरा, कारण गाडी थांबवल्याशिवाय राहवत नाही. जेराल्डीनला पाय मोकळे करा, पेट्रोल भरून घ्या. टेकापोच्या पुढे दोन्ही बाजूंना पिवळं गवत आणि माणूस औषधालाही नाही. बाबा खिडकीला नाक लावून बसले होते.

ट्वायझलच्या मोटेलवाल्या बाईंनी "किया ओरा" असा माओरी नमस्कार करत विचारलं, "ब्लू ऑर ग्रीन?" इथल्या मोटेलांत खोलीच्या किल्लीबरोबर दुधाची छोटी बाटली देतात, निळी सायीच्या दुधाची, हिरवी बिनसायीच्या दुधाची. मंदार "ब्लू, स्वीट ॲज" म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'. बाबांना या रिवाजाचं फार अप्रूप वाटलं. संध्याकाळी खिचडी खात चौथा आणि पाचवा भाग झाला.

सकाळी निघताना मी नेहमीसारखी पलंगाखाली वाकले, दारामागे पाहिलं, फ्रिज उघडून उरलेलं दूधही घेतलं. मग पुकाकी तलावाच्या काठाने रस्ता वळला आणि समोर आओराकी, म्हणजेच माउंट कुक, उभा राहिला. मंदारने न सांगता गाडी बाजूला घेतली. तलावाचा निळा रंग मी शब्दांत सांगू शकत नाही, आणि त्यावर तो पांढरा डोंगर. बाबांनी कानटोपी काढली आणि हळूच विचारलं, "हे रोज इथेच असतं?"

डोंगराच्या पायथ्याशी, हूकर व्हॅलीच्या पार्किंगमध्ये इराने टोपीसाठी बॅग उघडली आणि तिला दुसऱ्या डीव्हीडीचं रिकामं खोकं सापडलं. चार घोट दूध मी आठवणीने आणलं होतं, डिस्क मोटेलच्या मशीनमध्येच राहिली होती. "वी हॅव टू गो बॅक," इरा रडवेली झाली. परतायचं तर पाऊण तास जायला, पाऊण यायला, आणि दुपारनंतर ढग उतरतात. मी नाही म्हटलं.

वाट जवळजवळ सपाट आहे, जाऊन-येऊन चार तास, तीन झुलते पूल, तिकीट नाही. पाणी आणि वाऱ्याचं जाकीट मात्र हवंच. पहिला पूल इराने फुरंगटून पार केला. दुसऱ्यानंतर बाबा तिच्याबरोबर चालू लागले. "सहावा भाग मी सांगतो. वाटणी होते आणि बहिणीला वरची खोली मिळते."

इरा थबकली. "व्हॉट बहीण?"

"ती मागच्या दाराने येणारी. त्या बापाची बहीण. घराच्या वाटणीसाठीच भांडतात ना? परवा कागदही दाखवला पोराने."

"दॅट्स हिज रिपोर्ट कार्ड!"

"मला इंग्रजी नाही कळत, बाळा."

इराने माझ्याकडे पाहिलं. मी बुटाची नाडी बांधायला वाकले. नाडी बांधलेलीच होती.

"आजोबा," ती म्हणाली, "ती बहीण नाहीये. ती शेजारीण आहे. तो कागद शाळेचा आहे. तो नापास झाला."

"शेजारीण? न विचारता फ्रिज उघडते आणि शेजारीण?"

"हो! म्हणून तर ते फनी आहे!"

पुढचा तासभर मी त्या दोघांच्या मागे चालले. इराने पहिल्या भागापासून सगळी मालिका सांगितली, अडखळत, मोडकी क्रियापदं जोडत. बाबा एकदाही हसले नाहीत, फक्त हरकती घेत राहिले. वाटेच्या शेवटी हिमनदीचं तळं होतं, त्यात बर्फाचे तुकडे तरंगत होते आणि वर तो डोंगर. माणसं तिथे आपोआप हळू बोलतात. मी डोंगर पाहत होते आणि कान मागे होते. त्या दिवशी मला कशाचं जास्त नवल वाटलं, ते आजही सांगता येणार नाही.

परतताना ट्वायझलला वाकडी वाट केली. बाईंनी डिस्क काढूनच ठेवली होती. टेकापोच्या मोटेलमध्ये मी ती मशीनमध्ये घालणार तोच इरा म्हणाली, "नको. आजोबांचा भाग संपला नाही."

ठरल्या दिवशी बाबा साताऱ्याला परत गेले. निघताना मी विचारलं, "खरंच तुम्हाला ती बहीण वाटली होती?" "अजूनही वाटते," ते म्हणाले.

सहावा भाग न बघताच आम्ही डीव्हीडी लायब्ररीत परत दिल्या. दर रविवारी इरा लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात बसते. साताऱ्यातून एक माणूस मुद्दा मांडतो, फ्लॅट बुशमधून एक मुलगी तो खोडून काढते. वरच्या खोलीचा निकाल अजून लागलेला नाही.