मामा, हात आत!

जव्हारच्या घाटात माझ्याएवढा सभ्य ड्रायव्हर दुसरा नाय. हे मीच सगळ्यांना सांगत फिरतो, कारण दुसरं कोणी सांगत नाय.

त्या दुपारी शाळेची बस साखरशेतच्या फाट्यावर उभी होती आणि मी खिडकीतून डोकं काढून एका पिकअपवाल्याला शिव्या देत होतो. शिव्या पण सभ्यच, मागं पोरं बसलेली. झालं असं, की पहिलीतली मनीषा उतरली आणि बसच्या तोंडापुढून रस्ता ओलांडायला निघाली. तिचं घर पलीकडं. तेवढ्यात मागून पिकअप सुसाट आला. त्यानं करकचून ब्रेक दाबला, पोरगी दचकून मागं सरली. तिच्या हातातली पाण्याची बाटली तेवढी चाकाखाली गेली. पोरीला खरचटलं पण नाय. बाटलीची भाकर झाली.

"शाळेची बस दिसत नाय काय रं तुला?" मी ओरडलो.

"तूच हात दाखवलास की, जा म्हणून!" तो बोलला. त्याचा पण चेहरा पांढरा पडलेला.

"खोटारडा!"

पलीकडं मनीषाचा बाप नवसू उभा होता. नागलीच्या शेतातून तसाच पोरीला न्यायला आलेला, पाय चिखलानं भरलेले. त्यानं पोरीला उचलून कडेवर घेतलं आणि बोलला, "उद्यापासून ही घरी. शेळ्या राखल, पण जिती राहील."

दुसऱ्या दिवशी माझ्यामागची पहिली सीट रिकामी. मला ते लय लागलं. मी शाळेत गेलो तो थेट ड्रायव्हर म्हणून. मनीषा रोज घरी जाताना त्या सीटवरून मला त्या दिवशीचं अक्षर शिकवायची. आम्ही दोघं एकाच वर्गात, ती हुशार, मी ढ. ती गेली, म्हणजे माझी पण शाळा सुटली.

मोठ्या बाईंना जाऊन सांगितलं, "बाई, लोक थांबतच नाय. बसला ओव्हरटेक करतात." बाईंनी 'शाळेची बस, थांबा' अशी मोठ्या अक्षरांची पाटी रंगवून दिली, बसच्या मागं लावायला. मी लगेच तारेनं बांधली. आणि काय सांगू, गाड्या खरंच हळू झाल्या. मागचा प्रत्येक जण ब्रेक मारायचा, मान वाकडी करून पाटी बघायचा. मी खूश. मग एकदा बाई गेटावर आल्या.

"मामा, पाटी उलटी लावलीय."

सरळ केली. वाचता यायला लागली, तशी ती कोणी वाचेना. गाड्या परत सुसाट.

बसवर पोरांना चढवायला-उतरवायला सखूबाय असते. मला गप्प करायचं काम पण तिच्याचकडं. ती बोलली, "तू नवसूकडं जा. पाय धर, काय पण कर, पण पोर परत आण."

गेलो. नवसू बांधावर बसलेला. मनीषा खरंच शेळ्यांमागं होती. मला बघून तिनं तोंड फिरवलं.

"नवसू, चूक त्या गाडीवाल्यांची," मी बोललो. "तू स्वतः माझ्या बसमध्ये बस. डोळ्यांनी बघ."

बाईंना विचारून त्याला शाळा सुटल्यावर बसमध्ये घेतलं, मनीषाच्याच सीटवर बसवलं. फाटा आला. मी बस डावीकडं पार खडीत उतरवली. आरशात मागून एक जीप येताना दिसली.

"बघ, बघ आता! हा थांबतो काय बघ!"

नवसू जीपकडं बघतच नव्हता. "दादा, हा हात कोणाचा?"

"कुठला हात?"

"हा बाहेर लोंबतो तो."

मी बघितलं. माझाच उजवा हात. खिडकीबाहेर, कोंबड्यांना दाणे टाकावे तसा हलत होता. जा, जा, पुढं जा. जीपवाल्यानं मला सलाम केला आणि भुर्रकन निघून गेला.

सखूबाय पायरीवर बसून हसायलाच लागली. नवसू हसला नाय.

तुम्ही घाटात गाडी चालवली नसंल तर सांगतो. वळणावर मागच्याला पुढचं दिसत नाय. पुढच्याला दिसतं. मग पुढचा गाडी कडेला घेतो, रस्ता मोकळा असला की हात हलवतो. त्याला साइड देणं म्हणतात. खोडाळ्याच्या रस्त्यावर वडापची जीप चालवली, म्हणजे सीट भरेपर्यंत हाका मारायच्या आणि मग सुटायचं, तेव्हापासून हा हात असाच. गाडी कडेला गेली की तो आपोआप बाहेर. मला विचारत पण नाय. मी तोंडानं शिव्या देत होतो आणि हातानं बोलवत होतो.

नवसू बोलला, "आधी तुझा हात नीट कर. मग पोर पाठवतो."

तेव्हापासून बस खडीत उतरवत नाय. डांबरावरच डाव्या अंगाला उभी करतो, चारी इंडिकेटर लावून. आधी सखूबाय उतरते, लाल कापड धरून रस्त्यात उभी राहते. दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या, की मगच पोरं. आणि बस थांबली रे थांबली, की सगळी पोरं एका सुरात ओरडतात, "मामा, हात आत!" बाकी बसमध्ये ड्रायव्हर पोरांना सांगतो.

पिकअपवाला जव्हारच्या बाजारात भेटला. त्याला चहा पाजला, माफी मागितली.

"मी बोललोच होतो, काका," तो बोलला. "पण मग आम्ही करायचं काय?"

"शाळेची बस थांबताना दिसली की हळू हो आणि मागंच थांब. समोरून येत असशील तरी थांब. हॉर्न मारू नको, पोर घाबरून कुठं पण पळतं. पोरं पलीकडं लागली, की निघ."

"आणि तू परत हात दाखवलास तर?"

"तर माझ्या हाताकडं बघू नको. पोरं बघ."

एवढं एक वाक्य मी आयुष्यात शहाणपणाचं बोललो. ते पण चहाचा घोट नरड्यात अडकलेला असताना.

नवसूनं थोडे दिवस फाट्यावर उभं राहून माझ्या हातावर नजर ठेवली. मग एका सकाळी मनीषा नवी बाटली घेऊन उभी. गाडीत चढली, आपल्या सीटवर बसली आणि मागची सगळी अक्षरं मला विचारली. मी नापास.

घरी जाताना फाट्यावर बस थांबली. मागं एसटी थांबली, जीप थांबली, समोरून येणारा तो पिकअप पण थांबला. कोणी हॉर्न मारला नाय. माझी छाती फुगली.

"बघ मनीषा," मी बोललो, "मामासाठी कशा गाड्या थांबल्या."

दप्तर पाठीला लावत ती बोलली, "तुझ्यासाठी नाय, सखूबायसाठी थांबल्यात. तू हात आत घे."